नाशिकची चार नाटके आणि डॉ. श्रीराम लागू : एका नटाच्या वाटचालीचा प्रकरण अभ्यास

‘अष्टपैलू नट’ हे विशेषण आपण इतक्या जणांना वाटून टाकले आहे की त्यातून नटाविषयी फारसे काही कळेनासे झाले आहे. नाटक, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही ठिकाणी काम केले एवढ्यावर कोणी अष्टपैलू ठरत असेल, तर आजचा जवळजवळ प्रत्येक मराठी नट त्या पंक्तीत बसवावा लागेल. पोटापाण्यासाठी त्याला तिन्हीकडे फिरावेच लागते. म्हणून या अभ्यासात प्रश्न थोडा वेगळा घेतला आहे. एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना नट बरोबर काय नेतो, काय मागे ठेवतो आणि कोणत्या भूमिकांमुळे त्याला ही ने-आण जमू लागते, हे पाहण्यासाठी डॉ. श्रीराम लागू यांची वाटचाल निवडली आहे. त्यातही भर आहे तो १९६९ ते १९७५ या काळावर.

ही निवड नाशिकमधून करण्याला कारण आहे. डॉ. लागू नाशिकचे नव्हते. त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ चा, साताऱ्याचा. शिक्षण आणि वैद्यकीय व्यवसाय प्रामुख्याने पुण्यात झाला. तरीही त्यांच्या नाट्यजीवनातील चार निर्णायक नाटके नाशिकला राहणाऱ्या दोन लेखकांची आहेत : प्रा. वसंत कानेटकरांची ‘वेड्याचं घर उन्हात’, ‘इथे ओशाळला मृत्यू’ आणि ‘हिमालयाची सावली’, आणि वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’. एक लेखक नाशिकच्या हंसराज प्रागजी ठाकरसी (हंप्राठा) महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारा, दुसरा टिळकवाडीतल्या घरी बसून अवघ्या गावाचा ‘तात्यासाहेब’ झालेला. आपल्या गावाला या गोष्टीचा अभिमान आहे, पण तो बहुधा लेखकांपुरता राहतो. या संहितांनी नटाकडून काय मागितले आणि त्या मागणीने नट कसा घडला, याची चर्चा आपल्याकडे कमीच होते.

पूर्वपीठिका

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असतानाच लागू नाटकात काम करू लागले. पुढे भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये, म्हणजे पुणेकरांच्या पीडीएमध्ये, त्यांची खरी घडण झाली. दिवसा कान-नाक-घशाच्या रुग्णांची तपासणी आणि शस्त्रक्रिया, संध्याकाळी तालीम, असा हा क्रम होता. पुढील प्रशिक्षणासाठी ते इंग्लंड-कॅनडाला गेले. साठच्या दशकात काही काळ त्यांनी टांझानियातील ताबोरा येथे वैद्यकी केली. पण भारतात असत तेव्हा पुण्यात पीडीए आणि मुंबईत रंगायन ही प्रायोगिक नाट्यसंस्था यांच्याशी त्यांचा संबंध तुटला नाही. घशाच्या डॉक्टरचा आवाज म्हणून त्यांच्या शब्दफेकीचे रहस्य वैद्यकीय शिक्षणात शोधण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो खुलासा फार सोपा वाटतो. आवाजाचे शरीरशास्त्र ठाऊक असणे आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी तो आवाज शिल्लक असणे यांत बरेच अंतर आहे, आणि ते अंतर हौशी रंगभूमीवरच्या वर्षानुवर्षांच्या तालमींनीच भरून निघते.

‘वेड्याचं घर उन्हात’ हे १९५७ चे नाटक. कानेटकरांचे हे पहिले महत्त्वाचे नाटक पीडीएने रंगमंचावर आणले आणि त्यातील दादासाहेबाच्या भूमिकेने लागूंकडे जाणकारांचे लक्ष वेधले. वय तिशीच्या आत-बाहेर, आणि भूमिका मानसिक गुंत्यात सापडलेल्या, घरच्यांना कोडे होऊन बसलेल्या प्रौढ कुटुंबप्रमुखाची. एका नव्या लेखकाला आपला नट आणि एका हौशी नटाला आपला लेखक सापडला, असे या प्रयोगाकडे मागे वळून पाहता म्हणता येते. पुढच्या काळातील जवळजवळ सगळ्या महत्त्वाच्या भूमिकांचे बीज येथे दिसते : ज्याच्या शब्दाला घरात किंवा समाजात मान होता अशा पुरुषाचा शब्द चालेनासा होतो, आणि ते त्याला कळत असते.

१९६९ चा निर्णय

१९६९ मध्ये लागूंनी वैद्यकीय व्यवसाय बाजूला ठेवून पूर्णवेळ नट होण्याचे ठरवले आणि ‘इथे ओशाळला मृत्यू’ या कानेटकरांच्या ऐतिहासिक नाटकातून ते व्यावसायिक रंगभूमीवर आले. तेव्हा त्यांचे वय एक्केचाळीस-बेचाळीस होते. मराठी मध्यमवर्गात ही घटना आजही दंतकथेसारखी सांगितली जाते : चांगला चालणारा डॉक्टर स्टेथोस्कोप ठेवून तोंडाला रंग लावायला निघाला.

दंतकथा म्हणून ती सुंदर आहे. उदाहरण म्हणून वापरताना मात्र सावध राहायला हवे. नाशिकमध्ये ओझरच्या एचएएलमधून, नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून, बँकांतून आणि शाळांतून हौशी रंगभूमीवर येणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. राज्य नाट्य स्पर्धा आणि कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा त्यांच्याच बळावर उभ्या राहिल्या. स्पर्धेत अभिनयाचे रौप्यपदक मिळाले की त्यांतल्या एखाद्याच्या मनात नोकरी सोडण्याचा विचार येतो, आणि त्या वेळी हमखास लागूंचे नाव घेतले जाते. पण त्यांच्या निर्णयातील तीन गोष्टी त्या वेळी कोणी सांगत नाही. पहिली, पूर्णवेळ नट होण्याआधी त्यांच्यामागे जवळपास दोन दशकांचे हौशी आणि प्रायोगिक काम होते. नट म्हणून आपल्याला काय येते हे त्यांना स्पर्धेच्या निकालातून शोधायचे नव्हते. दुसरी, वैद्यकीय पदवी ही परत जाता येण्याजोगी वाट होती, आणि छापखान्यातील कायम नोकरीचे तसे नसते. तिसरी, ते व्यावसायिक रंगभूमीवर आले तेव्हा प्रौढ, वजनदार पुरुष-भूमिका असलेली नाटके मराठीत जोमाने लिहिली जात होती, आणि त्यांतले दोन प्रमुख लेखक त्यांच्या प्रकृतीला साजेसेच लिहीत होते. या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवल्या तर मागे नुसते धाडस उरते, आणि नुसत्या धाडसावर व्यावसायिक नाटकाची ‘नाईट’, म्हणजे प्रयोगाचे मानधन, मिळत नाही.

बेलवलकर

या अभ्यासाचा गाभा ‘नटसम्राट’ हाच आहे. गोवा हिंदू असोसिएशनने आणलेल्या, पुरुषोत्तम दारव्हेकरांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकाचा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत बिर्ला मातोश्री सभागृहात झाला. लागू गणपतराव बेलवलकर आणि शांता जोग त्यांची पत्नी कावेरी. नाटकाच्या जन्माची हकीकत आपल्याकडे सर्वपरिचित आहे : जुन्या पिढीचे श्रेष्ठ नट नानासाहेब फाटक यांच्यासाठी शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चे रूपांतर करावे, असा विचार सुरू झाला आणि तो करता करता शिरवाडकरांच्या हातून स्वतंत्र नाटक झाले. राजा गेला, त्याच्या जागी निवृत्त नट आला. राज्याच्या जागी घर, पैसा आणि मुलांवरचा विश्वास आला.

हा बदल लेखकाच्या कौशल्याचा म्हणून नेहमी सांगितला जातो, पण नटाच्या दृष्टीने त्याचा अर्थ फारच वेगळा आहे. लिअरची भूमिका करणाऱ्याला राजा व्हावे लागते. बेलवलकराची भूमिका करणाऱ्याला मोठा नट व्हावे लागते, तोही जुन्या परंपरेतला, पल्लेदार वाक्यांवर आणि टाळीच्या जागांवर वाढलेला, ज्याच्या बोलण्यात ऑथेल्लो आणि हॅम्लेट कायम डोकावतात. आणि ही भूमिका आली कोणाकडे? पीडीए आणि रंगायनच्या वातावरणात वाढलेल्या, संवाद शक्य तितका बोलण्याजवळ आणणाऱ्या, वास्तववादी अभिनयाच्या पिढीतल्या नटाकडे. ज्या शैलीपासून लागूंची पिढी दूर जाऊ पाहत होती, नेमक्या त्याच शैलीचा सम्राट त्यांना रंगवायचा होता. फाटकांनी ही भूमिका केली असती तर ती बहुधा स्वभावतःच त्यांची ठरली असती. लागूंना मात्र ती बाहेरून आत आणायची होती.

माझ्या मते या विसंगतीतच भूमिकेचे यश आहे. बेलवलकर दोन भाषांत जगतो. घरात, मुलांशी, सुनेशी, आणि ज्या कावेरीला तो कौतुकाने ‘सरकार’ म्हणतो तिच्याशी त्याचे बोलणे एका थकत चाललेल्या गृहस्थाचे आहे. थट्टा, रुसवा, संकोच, क्वचित शिवराळपणा. एकटा पडला की त्याच्या तोंडी रंगभूमीची भाषा येते. जुन्या वळणाचा नट या दोन भाषांमधला सांधा झाकून टाकेल, कारण त्याला दोन्ही ठिकाणी गर्जना करण्याचीच सवय. केवळ वास्तववादी नट स्वगते बोलण्याच्या पातळीवर उतरवून त्यांतला वारा काढून घेईल. लागूंच्या कामात हा सांधा उघडा राहिला. गृहस्थ बोलता बोलता कोठे थांबतो आणि नट कोठे सुरू होतो हे प्रेक्षकाला दिसत असे. एवढेच नव्हे, तर बेलवलकर हा मुद्दाम करतो आहे की आता त्याला आवरत नाही, अशी शंकाही येत असे. मुलीच्या घरी चोरीचा आळ आल्यानंतरचा भाग आणि त्यापुढची घर मागणारी स्वगते यांची ताकद मला या शंकेत वाटते. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द भरदार आवाजात म्हटले, त्याला स्वतःच्या दुःखासाठी वेगळा आवाज उरलेला नाही.

येथे लेखकाविषयी एक गोष्ट जोडावीशी वाटते. तात्यासाहेब स्वतः तरुणपणी अभिनयाच्या वाटेला जाऊन आलेले होते. १९३६ च्या सुमाराच्या ‘सती सुलोचना’ या चित्रपटाची पटकथा त्यांनी लिहिली आणि त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. तो चित्रपट चालला नाही आणि ते पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. दादासाहेब फाळक्यांच्या या जिल्ह्यात चित्रपटाची ओढ कोणाला सुटली होती म्हणा! पण नटाचे अपयश, त्याची लालसा, प्रेक्षक समोर असण्याची आणि नसण्याची अवस्था हे सारे त्यांनी अगदीच लांबून पाहिलेले नव्हते. ‘नटसम्राट’मध्ये नटाच्या व्यवसायाबद्दल जे प्रेम आणि जी चीड एकाच वेळी आहे, तिचा एखादा धागा तेथवर जात असावा.

प्रयोगांच्या व्यवहाराची बाजूही पाहायला हवी. व्यावसायिक नाटक म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी बसचा प्रवास, अपुरी झोप, कधी चांगले तर कधी आवाज गिळणारे नाट्यगृह, आणि पुन्हा रात्री तेच तीन अंक. बेलवलकर जवळजवळ सतत रंगमंचावर असतो. त्याला विंगेत बसून दम घ्यायला फार जागा नाहीत, आणि सर्वांत अवघड स्वगते शक्ती संपत आलेली असताना येतात. या भूमिकेचा ताण लागूंच्या प्रकृतीवर पडला, आणि पुढे ती दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा नटांकडे गेली. मराठीत एखाद्या नटाच्या नावाने ओळखली जाणारी भूमिका सहसा त्याच्याबरोबर संपते. बेलवलकर संपला नाही. २०१६ मध्ये महेश मांजरेकरांच्या चित्रपटातून नाना पाटेकरांनी तो पुन्हा उभा केला. यावरून संहिता किती भक्कम आहे हे कळते. पहिल्या नटाने भूमिकेवर आपली छाप इतकी घट्ट बसवली नाही की दुसऱ्याला शिरायला जागाच उरू नये, हेही कळते. काही भूमिका मूळ नटाच्या लकबींत अडकून मरतात. लागूंच्या बेलवलकराच्या लकबी मिमिक्री करणाऱ्यांनी उचलल्या खऱ्या, पण भूमिकेचा आराखडा लकबींवर उभा नव्हता.

‘नटसम्राट’ला १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी लागूंना पद्मश्री.

त्याच वर्षांतली दुसरी टोके

१९७० हे वर्ष केवळ ‘नटसम्राट’चे म्हणून पाहिले तर चित्र अपुरे राहते. त्याच वर्षी लागूंनी विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ दिग्दर्शित केले. घरातल्या हिंसेचे आणि लोभाचे इतके उघडे दर्शन मराठी प्रेक्षकाने तोवर पाहिले नव्हते, आणि परिनिरीक्षण मंडळाशी, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरशी, झालेला वाद पुष्कळ गाजला. साडीवरच्या रक्ताच्या लाल डागाला आक्षेप घेतला गेला, तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि प्रेक्षकांनी तो लाल समजावा अशी सूचना प्रयोगाआधी देण्यात आली. ज्या वर्षाच्या शेवटी हाच माणूस कुटुंबाने टाकलेल्या बापासाठी प्रेक्षकांना रडवतो, त्याच वर्षाच्या मध्यात तो बाप आणि मुले एकमेकांचे लचके कसे तोडतात ते दाखवतो. दोन्ही नाटके घराच्या वाटणीची आहेत. ‘नटसम्राट’च्या प्रेक्षकाला बेलवलकराबद्दल केवळ कणव वाटावी अशी सोय नाटकात आहे, लागूंच्या अभिनयात त्या कणवेला थोडा विरोधही होता, म्हाताऱ्याचा अहंकार आणि हेकटपणा ते लपवत नसत. ‘गिधाडे’च्या तालमींतून आलेल्या नटाला घराविषयी भाबडे राहणे अवघड गेले असावे, एवढाच माझा तर्क.

१९७२ चे ‘हिमालयाची सावली’ हे पुन्हा कानेटकरांचे आणि पुन्हा गोवा हिंदू असोसिएशनचे. महर्षी कर्वे यांच्या जीवनाचा आधार असलेल्या या नाटकात लागू नानासाहेब भानू आणि शांता जोग बयो. बेलवलकर बोलून मोकळा होतो, भानू बोलत नाही. तत्त्वासाठी घराकडे दुर्लक्ष करणारा, स्वतःच्या कामाबद्दल चकार शब्द न काढणारा माणूस रंगमंचावर उभा करायचा, तोही अशा नाटकात की जेथे बोलण्याचे सारे अधिकार बायकोकडे आहेत. नाटकाचे नावच सांगते की ते बयोचे आहे. दोन वर्षांपूर्वी जो नट स्वगतांच्या लाटांवर स्वार होता, त्याने येथे मागे सरकून समोरच्या भूमिकेला जागा दिली. व्याप्ती मोजायची तर मी ती येथे मोजेन; सम्राट आणि सावली या दोन टोकांमधल्या अंतरावर.

पडद्यावर

त्याच १९७२ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला. आदर्शवादी गुरुजी, तमाशातील चंद्रकला, आणि स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभा राहणारा माणूस. ‘पिंजरा’ची चित्रभाषा ठसठशीत आहे, रंग भडक, भावना उघड, तेथे रंगभूमीवरचा लागू फारसा बदलावा लागला नाही. गुरुजीच्या बोलण्यातले भारदस्तपण आणि नंतरची त्याची तुणतुणे धरणारी, मान खाली घातलेली अवस्था यांतला फरक तालमीत घडलेल्या नटाला देहबोलीतून दाखवता आला. लोकांच्या मनावर भूमिका कोरली गेली. तरीही चित्रपटाचा नट म्हणून लागूंचा खरा कस ‘सामना’त लागला, असे मला वाटते.

जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा. साखर कारखान्याच्या परिसरावर हुकूमत असलेला हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि त्या गावात कोठूनतरी येऊन पडलेला दारुडा मास्तर म्हणजे लागू. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले, एवढा एकच प्रश्न हा मास्तर विचारत राहतो. बेलवलकराला शब्दांचा पूर येतो. मास्तराजवळ एक वाक्य उरले आहे आणि तेही नशेत. कॅमेरा इतका जवळ असतो की शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्यासाठी कमावलेला आवाज येथे ओझे होऊ शकतो. लागूंनी तो आवाज टाकून दिला नाही, त्याची तळाची पट्टी तेवढी वापरली. घोगरा, अडखळता, मध्येच सुशिक्षितपणाची एखादी लकेर उमटवणारा उच्चार, आणि तोंडभर वाढलेली दाढी. हा माणूस कधीतरी चांगले बोलत असे, हे त्या उच्चारातून कळते. तो आता तसे बोलत नाही, हे त्यातच आहे. समोर निळू फुले यांचा अभिनय पूर्णपणे वेगळ्या मातीतला, लोकनाट्यातून आणि कलापथकातून आलेला, टायमिंगवर चालणारा. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याच्या पद्धतीकडे झुकण्याचा प्रयत्न केला नाही, आणि म्हणून पाटलाच्या बैठकीतली दृश्ये आजही ताजी वाटतात. बर्लिनच्या १९७५ च्या चित्रपट महोत्सवात ‘सामना’ स्पर्धा विभागात होता.

चार वर्षांनी पटेलांच्याच ‘सिंहासन’मध्ये लागूंनी विश्वासराव दाभाडे हा मुख्यमंत्रिपदावर डोळा ठेवून असलेला मंत्री केला. येथे शब्द चालेनासा झालेला माणूस नाही, शब्द जपून वापरणारा माणूस आहे. माझ्या मांडणीला हा अपवाद, आणि चांगला अपवाद.

हिंदीतील काम संख्येने मोठे आहे. शंभराहून अधिक चित्रपटांत ते दिसले आणि त्यांतील पुष्कळ भूमिका न्यायाधीश, डॉक्टर, पोलीस अधिकारी, नायकाचा किंवा नायिकेचा बाप अशा ठरीव साच्यातल्या होत्या. त्यांविषयी लिहिण्यासारखे फार नाही. भीमसेन यांचा ‘घरौंदा’ मात्र वेगळा काढावा लागतो. हृदयविकार असलेला श्रीमंत, विधुर मालक मोदी आपल्या कार्यालयातील तरुण मुलीला मागणी घालतो, आणि तिचा प्रियकर तो लवकर मरेल या हिशेबाने तिला हे लग्न करायला सुचवतो. ही भूमिका सहज खलनायकी झाली असती किंवा सहज दयनीय. लागूंचा मोदी दोन्ही होत नाही. त्याला आपले वय ठाऊक आहे, आपली श्रीमंती ठाऊक आहे, आणि तरी तो सभ्यपणे सुखाची मागणी करतो. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’त ते गोपाळ कृष्ण गोखले झाले, आणि मृणाल सेन यांच्या ‘एक दिन अचानक’मध्ये पावसाच्या संध्याकाळी घराबाहेर पडून परत न येणारे प्राध्यापक.

येथे क्षणभर थांबून नोंद घेण्याजोगी गोष्ट अशी की ‘पिंजरा’तला गुरुजी, ‘सामना’तला मास्तर, भानू, गोखले, सेन यांचे प्राध्यापक, हे सगळे शिकवणारे लोक आहेत. त्यांत बेलवलकर धरला तर शब्दांवर पोट आणि प्रतिष्ठा दोन्ही चालवणाऱ्यांची रांगच उभी राहते. अष्टपैलू म्हणजे एकमेकांशी काही नाते नसलेल्या भूमिका करणारा, ही समजूत लागूंच्या बाबतीत टिकत नाही. त्यांनी फिरून फिरून एकाच जातीच्या माणसाकडे पाहिले, पण दर वेळी माध्यम, अंतर आणि आवाजाची पट्टी बदलून. व्याप्ती आली ती या मापे बदलण्यातून. या मांडणीत न बसणारे कामही आहे. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी निळू फुले, तनुजा, रोहिणी हट्टंगडी यांच्याबरोबर केलेले ‘लग्नाची बेडी’ हे अत्र्यांचे हलकेफुलके नाटक त्यांपैकी एक. तेथे विनोदाच्या वेगात ते रमले, पण ती त्यांची मूळ जमीन होती असे मी म्हणणार नाही.

दूरचित्रवाणी

या तिन्ही माध्यमांत दूरचित्रवाणीचा वाटा सर्वांत लहान. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात दूरदर्शनवर आलेल्या ‘खानदान’सारख्या मालिकेत ते घराघरांत पोचले, परंतु या माध्यमाने त्यांना बेलवलकर किंवा मास्तर यांच्या तोडीची भूमिका दिली नाही. दोष नटाचा नव्हे. आठवड्याला एक भाग अशा त्या काळच्या मालिकेत भूमिकेला निदान आरंभ-शेवट असे. दररोजच्या मालिकेत तोही राहिला नाही. नाशिकहून मुंबईला किंवा ठाण्याला जाऊन मालिकेत काम करणारे आमचे तरुण बारा-तेरा तासांच्या शिफ्टमध्ये, हातात त्याच सकाळी आलेली पाने घेऊन उभे राहतात. भूमिकेचे पुढे काय होणार हे लेखकालाही ठाऊक नसते. बेलवलकराच्या पहिल्या प्रवेशात शेवटच्या स्वगताची तयारी करून ठेवता येते, कारण शेवट लिहून झालेला असतो. शेवट माहीत नसलेल्या भूमिकेत दोन भाषांमधला सांधा उघडा ठेवण्यासारखे काम करायला वाव कोठून राहणार? या मुलांना लागूंचे उदाहरण देताना आम्ही त्यांच्या हाती संहिता मात्र देत नाही, हेही खरे.

उत्तरकाळ

पुढची वीस-पंचवीस वर्षे लागू रंगभूमीकडे परत येत राहिले, पण व्यावसायिक यशाच्या वाटेने नव्हे. गो. पु. देशपांडे यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ १९७४ मध्येच होऊन गेले होते. त्यातला चौकशीला सामोरा जाणारा प्राध्यापक कुलकर्णी पुन्हा त्याच रांगेतला. महेश एलकुंचवारांच्या ‘आत्मकथा’मध्ये ते स्वतःच्या आयुष्याची गोष्ट सांगू पाहणारे वृद्ध लेखक झाले. प्रेमानंद गज्वी यांचे ‘किरवंत’ त्यांनी दिग्दर्शित केले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत आणि देवाविषयीच्या त्यांच्या परखड लेखनात जो बुद्धिवादी माणूस दिसतो, तो या निवडींतही आहे.

सत्तरी ओलांडल्यावर, १९९९ मध्ये, त्यांनी मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये सॉक्रेटिस केला. दिग्दर्शन अतुल पेठे यांचे. लांबलचक युक्तिवाद, बाह्य घटना जवळजवळ नाहीत, आणि मध्यभागी प्रश्न विचारण्याच्या अपराधासाठी मरणाची शिक्षा झालेला शिक्षक. बेलवलकराचा आवाज त्या वयात उरलेला नव्हता आणि त्यांनी तो आणण्याचा प्रयत्नही केला नाही. संवाद जवळजवळ गप्पांच्या पट्टीत, थांबत थांबत, समोरच्याला विचार करायला वेळ देत म्हटले जात. ‘सामना’च्या मास्तराकडे जे एक वाक्य उरले होते त्याचा विस्तार येथे पूर्ण नाटकभर झाला होता, फक्त नशा नव्हती. व्यावसायिक रंगभूमीने ज्याला सम्राट केले, तो नट उतारवयात छोट्या प्रेक्षागृहांकडे, स्वतः निवडलेल्या अवघड संहितेकडे गेला, आणि त्या प्रयोगांना आलेल्या तरुण प्रेक्षकांपैकी अनेकांनी त्यांचा बेलवलकर कधीच पाहिलेला नव्हता.